एक पौंड ज्वारी

पुण्यातल्या आयटीवाल्यांचं बारामती-इंदापूरशी नातं तसं मजेशीर आहे. थंडीत पहाटे उठून कॅमेरा घेऊन भिगवणला फ्लेमिंगो बघायला जायचं, येताना हायवेवर मासे हाणायचे आणि डिसेंबरात पुण्यातच भरणाऱ्या भीमथडी जत्रेत जाऊन हुरडा खायचा. बस्स. भिगवण इंदापूर तालुक्यात येतं हे पण बऱ्याच जणांना माहीत नसतं. आणि 'भीमथडी' म्हणजे नक्की काय, असं विचारलं तर "अरे ते तट्टू वगैरे..." यापलीकडे गाडी जात नाही.

तर भीमथडी हा इंग्रजांच्या काळातला पुणे जिल्ह्याचा एक तालुका. आजचे बारामती आणि दौंड तालुके ढोबळमानाने त्यात यायचे. त्याला लागून पूर्वेला इंदापूर. पुणे जिल्हा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर लोणावळ्याचा धो धो पाऊस येतो, पण याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. तोही पडला तर. या दोन तालुक्यांचा दीडशे वर्षांचा इतिहास म्हणजे 'पाऊस पडला नाही तर काय होतं' या एकाच प्रश्नाचा इतिहास आहे.

हा इतिहास आपण शिकतो तो साधारण असा: दुष्काळ पडला, माणसं मेली, मग कालवा आला, ऊस आला, साखर कारखाना आला, सगळं गोड झालं. यात एक मोठा तुकडा गायब आहे. जी माणसं मेली नाहीत त्यांचं काय झालं? त्यांच्या शरीराचं, त्यांच्या डोक्याचं? आणि सरकार नावाच्या गोष्टीला त्यांच्या तब्येतीची जबाबदारी आपली आहे असं कधी वाटायला लागलं?

हा प्रश्न एका आकड्यापाशी येऊन थांबतो. एक पौंड धान्य.

पण त्याआधी थोडी पार्श्वभूमी. इंदापूर हा तालुका सरकारी प्रयोगांसाठी फार जुना. मुंबई इलाख्यातली जमीन मोजणी आणि सारा ठरवण्याची जी पद्धत पुढे सगळीकडे पसरली, तिची सुरुवात १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी इंदापुरातून केली. तीस वर्षांसाठी सारा ठरला. १८६६-६७ च्या सुमारास मुदत संपली तेव्हा अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला आलेली तेजी सगळ्यांच्या डोक्यात होती, त्यामुळे नवा सारा चांगलाच चढा लागला. मग तेजी ओसरली, भाव पडले, सारा मात्र तिथेच. शेतकरी सावकाराच्या दारात. १२ मे १८७५ ला भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावात लोकांनी सावकारांच्या घरांवर हल्ला केला. वह्या आणि कर्जरोखे बाहेर काढून जाळले. हेच ते प्रसिद्ध 'दख्खनचे दंगे'. लोकांचा मुख्य राग कागदावर होता हे लक्षात घ्या. शक्य तिथे रोखे हातात घ्यायचे, जाळायचे, आणि ते मिळाले की बऱ्याच ठिकाणी सावकाराला फारसं काही न करता सोडून द्यायचं.

म्हणजे १८७६ साली पाऊस गेला तेव्हा या भागातला माणूस आधीच पोकळ झालेला होता. घरात धान्य नाही, बाजारात पत नाही. खरीप गेलं, परतीचा पाऊस आला नाही म्हणून रब्बीची पेरणीच झाली नाही. आणि हा तर रब्बीच्या ज्वारीवर जगणारा पट्टा. पुणे जिल्ह्यात सगळ्यात वाईट हाल झाले ते या पूर्वेकडच्या तालुक्यांचे.

सरकारने रिलीफ वर्क्स काढली. म्हणजे तलाव खोदा, रस्ते बांधा, खडी फोडा आणि मजुरी घ्या. सुरुवातीला दर होता पुरुषाला दोन आणे, बाईला दीड आणा, मुलाला एक आणा. मग धान्याचे भाव चढले तशी मजुरी धान्याच्या भावाशी जोडली गेली. इथपर्यंत ठीक होतं.

इथे सर रिचर्ड टेंपल यांची एंट्री होते. हा माणूस समजून घेण्यासारखा आहे. १८७३-७४ मध्ये बिहारमध्ये दुष्काळ पडला तेव्हा याच टेंपलने ब्रह्मदेशातून लाखो टन तांदूळ आणवला, सढळ हाताने खर्च केला, आणि जवळपास कुणालाही मरू दिलं नाही. आपल्या हिशोबाने हे घवघवीत यश. पण लंडनमध्ये त्याच्यावर उधळपट्टीचा ठपका बसला! आपल्याकडे कसं, सर्व्हर वर्षभर एकदाही पडला नाही की मॅनेजर विचारतो, मग एवढ्या बॅकअपवर खर्च कशाला केला? तसंच. टेंपलने धडा घेतला. १८७७ च्या जानेवारीत व्हाइसरॉय लिटनने त्याला मद्रास आणि मुंबई इलाख्यात दुष्काळाची पाहणी करायला पाठवलं तेव्हा तो काटकसरीचा पुतळा बनून आला. (हाच तो महिना, ज्याच्या पहिल्या तारखेला दिल्लीत भव्य दरबार भरवून व्हिक्टोरियाला भारताची सम्राज्ञी जाहीर केलं होतं.)

टेंपलच्या काटकसरीचं फलित म्हणजे इतिहासात 'टेंपल वेज' या नावाने बदनाम झालेला दर. दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा. बाईला वरचे पैसे त्याहून कमी. शिवाय धडधाकट माणसांनी ठरलेलं काम पुरं करायचं, आणि काम घरापासून लांब. लांब का, तर ज्याला खरोखर गरज आहे तोच तेवढा चालत येईल म्हणून. म्हणजे अंतर हीच परीक्षा.

आता आपण इंजिनियर लोक, तर जरा हिशोब करू. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. शंभर ग्रॅम ज्वारीतून साधारण ३५० कॅलरी मिळतात. म्हणजे एक पौंडातून सुमारे १६००. वरच्या अर्ध्या आण्यात मीठ, मिरची, सरपण आणि काम न करू शकणारी घरातली म्हातारी माणसं. रुपयाला सोळा पौंड असा दुष्काळी भाव धरला, तर अर्ध्या आण्यात अर्धा पौंड धान्य येतं. ते सगळं धान्यावरच घातलं तरी घरात किती तोंडं आहेत यावर गणित कोसळतं. आणि हे बसून कोड टाइप करणाऱ्या माणसाचं गणित नाही. दिवसभर उन्हात खडी फोडणाऱ्या माणसाचं आहे.

याला विरोध झाला, आणि तो दोन बाजूंनी झाला.

पहिला विरोध डॉक्टरचा. मद्रास इलाख्याचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी सरळ सांगितलं की कष्टाचं काम करणारा माणूस या खुराकावर टिकत नाही, तो हळूहळू झिजून मरतो. टेंपलचं म्हणणं, हा प्रयोग आहे, बघू काय होतं. हे वाद सरकारी कागदांमध्ये झाले, पण माझ्या मते आपल्याकडच्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातला हा फार मोलाचा क्षण आहे. कारण इथे पहिल्यांदा प्रश्न 'मजुरी किती द्यायची' हा न राहता 'माणसाच्या शरीराला किती लागतं' असा विचारला गेला. पहिल्या प्रश्नाचं उत्तर खजिन्याकडे असतं. दुसऱ्याचं डॉक्टरकडे.

दुसरा विरोध खुद्द मजुरांचा. १८७७ च्या सुरुवातीला पुणे आणि आसपासच्या जिल्ह्यांत हजारो माणसांनी नव्या दराने काम करायला नकार दिला आणि ती कामं सोडून निघून गेली. उपाशी माणसांचा संप! विचार करा, ज्याच्या घरात दाणा नाही तो हातातली मजुरी सोडून उठतो. सरकारने याचा अर्थ लावला, 'म्हणजे यांना खरी गरज नव्हतीच.' पुण्याच्या सार्वजनिक सभेने याचा नेमका उलटा अर्थ लावला. सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने तालुक्या-तालुक्यातून माहिती गोळा केली गेली आणि सरकारला अर्जामागून अर्ज गेले. ना फोन, ना ईमेल. बैलगाडीच्या जमान्यातलं हे डेटा कलेक्शन आहे. आणि त्यात भावनेपेक्षा आकडे जास्त होते म्हणून ते सरकारला झटकून टाकता आलं नाही.

सरकारी मदतीबाहेर जे होतं त्याचाही उल्लेख हवाच. सत्यशोधक समाजाने याच दुष्काळात अन्नछत्रं चालवली. पुण्याजवळ धनकवडीला मुलांसाठी बालाश्रम काढला. सावित्रीबाई तेव्हा जुन्नरकडे ओतूरला मदतीचं काम करत होत्या आणि तिथून त्यांनी १८७७ च्या एप्रिलमध्ये जोतिबांना लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. जमलं तर नक्की वाचा. दुष्काळाचं वर्णन म्हणून तर ते अस्वस्थ करतंच, पण माणसं गाव सोडून कशी चालली आहेत हे एवढ्या जवळून लिहिणारं दुसरं कुणी त्या काळात फारसं नाही.

आता खरी गोम. १८७६-७८ च्या दुष्काळात देशात पन्नास लाखांहून जास्त माणसं गेली असा पुढे सरकारी आयोगाचाच अंदाज होता. यातली सगळी 'उपासमारीने' मेली का? नाही. बरीचशी कॉलऱ्याने, देवीने, हगवणीने आणि तापाने मेली. हजारो माणसं एका तळावर आणली, पाण्याचा एकच डबका, संडास नाही. कॉलऱ्याला आणखी काय हवं? आणि सगळ्यात क्रूर गोष्ट म्हणजे मृत्यूची मोठी लाट बऱ्याच ठिकाणी पाऊस पडल्यावर आली. पाऊस आला, डास आले, मलेरिया आला, आणि दीड वर्ष उपाशी राहिलेल्या शरीरात प्रतिकार करायची ताकदच नव्हती. म्हणजे आभाळ भरून आलं, लोकांनी हुश्श केलं, सरकारने कामं बंद करायला घेतली, आणि मग माणसं मरायला लागली.

सिस्टिम पुन्हा चालू झाली म्हणजे आउटेज संपला असं धरून सगळे घरी जातात, आणि खरा डेटा करप्ट झालाय हे नंतर कळतं. आपत्तीतल्या आरोग्याचं नेमकं हेच असतं. बातमी संपते तिथून आजार सुरू होतो.

१८७८ मध्ये रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली दुष्काळ आयोग नेमला गेला आणि १८८० मध्ये त्याचा अहवाल आला. खुराकाच्या बाबतीत आयोगाने टेंपलपेक्षा वरचं माप धरलं. म्हणजे कॉर्निश जिंकले म्हणायचे, पण लाखो माणसं गेल्यावर. या अहवालातून पुढे प्रांतोप्रांती 'फॅमिन कोड' तयार झाले. नावातच कोड आहे, आणि खरंच तो अगदी आपल्यासारखा कोड आहे. अमुक लक्षण दिसलं की तमुक करा. धान्याचे भाव इतके चढले, लोक गाव सोडून हिंडायला लागले, की आधी चाचणीसाठी थोडी कामं काढा. तिथे गर्दी झाली की दुष्काळ जाहीर करा. पाटील-कुलकर्ण्यांनी काम न करू शकणाऱ्यांची यादी करायची. मृत्यूच्या नोंदींवर लक्ष ठेवायचं. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे कामाच्या तळावर पिण्याचं पाणी वेगळं आणि राखलेलं हवं, आजाऱ्यांसाठी हॉस्पिटलची झोपडी हवी, डॉक्टरी माणूस हवा, अशक्तांना हलकं काम आणि लहान मुलांच्या जेवणाची वेगळी सोय हवी. आरोग्य हा मदतीचा भाग आहे हे पहिल्यांदा नियमांच्या पुस्तकात आलं. धर्मादाय म्हणून नाही, कर्तव्य म्हणून.

पुस्तकात आलं म्हणजे जमिनीवर आलं असं अर्थातच नाही. १८९६-९७ ला पुन्हा दुष्काळ, १८९९-१९०० ला पुन्हा. कोड होता, तरी तळांवर कॉलरा आलाच. पण विहिरीत लाल औषध म्हणजे पोटॅशियम परमँगनेट टाकणं, तळ हलवणं, आजारी माणूस वेगळा ठेवणं या गोष्टी आता निदान माहीत होत्या. याच वर्षांत जुन्या भीमथडीतल्याच केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून वाचवून आणलेल्या शेकडो बायका-मुलींना 'मुक्ती'त आसरा दिला. मध्य प्रांतातून, पुढे गुजरातमधून. मदत म्हणजे नुसतं पोटाला अन्न नाही, शिक्षण आणि स्वतःच्या पायावर उभं राहणं, हे तिथे प्रत्यक्ष घडत होतं. आजच्या भाषेत आपण याला पुनर्वसन म्हणतो.

आणि मग प्लेग. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत सापडला आणि पाठोपाठ पुण्यात आला. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. दुष्काळात जे सरकार माणसाच्या जवळ यायला पैसे मोजत होतं, तेच प्लेगमध्ये गोऱ्या सोल्जरांसह थेट माजघरात घुसलं. रँडची कमिटी, घरझडत्या, सामान जाळणं, माणसांना उचलून विलगीकरणात नेणं. २२ जून १८९७ ला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, ते सगळं आपण शाळेत शिकलोय. त्याच साथीत, त्याच वर्षी १० मार्चला, आपल्या डॉक्टर मुलाच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई प्लेगनेच गेल्या. सरकारी आरोग्य व्यवस्थेबद्दल लोकांच्या मनात जी भीती तेव्हा बसली, ती गावाकडे बराच काळ टिकली. दवाखान्यात नेलेला माणूस परत येत नाही, ही समजूत काही अंधश्रद्धा म्हणून आकाशातून पडलेली नव्हती. आणि तो १८९७ चा कायदा? मार्च २०२० मध्ये करोनासाठी महाराष्ट्राने जो लागू केला तो हाच. सव्वाशे वर्षं जुना लेगसी कोड प्रॉडक्शनमध्ये!

१९१८ बद्दल एका परिच्छेदात सांगतो. पाऊस गेला आणि त्याच वर्षी इन्फ्लुएंझा आला. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून जास्त माणसं दगावली. खेड्यात दवाखानाच नव्हता, त्यामुळे उपचार मिळण्याचा प्रश्नच नव्हता. दुष्काळाचा कोड होता, पण तो दुष्काळापुरता. दुष्काळ नसताना माणसाच्या आरोग्याचं काय, याला उत्तर नव्हतं. ते शोधायला १९४६ चा भोर समितीचा अहवाल यावा लागला (हे भोर म्हणजे सर जोसेफ भोर, आपल्या शेजारचं भोर नव्हे!), आणि १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रं उघडायला लागली.

मधल्या काळात या तालुक्यांचा नकाशा बदलून गेला होता. नीरा डाव्या कालव्याचं काम १८७६-७७ च्या दुष्काळातच रिलीफ वर्क म्हणून सुरू झालं होतं. १८८० च्या दशकात पाणी आलं. पुढे ऊस आला. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभं राहिलं, बारामतीत माळेगाव आणि सोमेश्वरचे सहकारी कारखाने आले. पण कालव्याच्या एका बाजूला बागायत आणि दुसऱ्या बाजूला जिरायत, ही रेघ कायम राहिली. आजही या भागातला माणूस एकमेकांची ओळख करून देताना 'बागायती पट्ट्यातला' की 'जिरायती' हे सांगतो.

म्हणून १९७२ चा दुष्काळ इथेही आलाच. या भागातल्या कुठल्याही घरात सत्तरी ओलांडलेल्या आजीला विचारा. 'बहात्तरला' एवढं म्हटलं की पुढचं ती सांगते. खडी फोडली, मुरूम वाहिला, झोळीत पोर टांगलं, अमेरिकेची लाल मिलो खाल्ली आणि सुकडी खाल्ली. सुकडीबद्दल बोलताना मात्र आज्यांचा चेहरा जरा उजळतो. गोड असायची ना! ती कामावर आणि लहान मुलांना वाटली जायची. एक पौंड ज्वारीपासून सुकडीपर्यंतचा प्रवास शंभर वर्षांचा आहे. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसं सरकारी कामांवर होती. पिकं १८७६ इतकीच वाईट बुडाली होती, पण माणसं तशी मेली नाहीत. जगभरातले अर्थतज्ज्ञ आजही महाराष्ट्राचं हे उदाहरण देतात.

याच अनुभवातून रोजगार हमी योजना पक्की झाली. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव भागात छोट्या प्रमाणावर सुरू केलेली कल्पना १९७२ मध्ये राज्यभर आली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. त्यात कामाच्या जागी पिण्याचं पाणी, मुलांसाठी सावली, प्रथमोपचार आणि कामावर इजा झाली तर मोफत उपचार या तरतुदी होत्या. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यातही त्या गेल्या. ओळखीच्या वाटतात ना? फॅमिन कोडमधली ती पाण्याची घागर आणि हॉस्पिटलची झोपडीच ही. फरक एकच, पण तो मोठा आहे. आधी ती सरकारची कृपा किंवा फार तर अधिकाऱ्याचं कर्तव्य होती. आता तो माणसाचा हक्क झाला.

इथपर्यंतची गोष्ट बरीचशी प्रगतीची आहे. पण मघाशी म्हटलेला 'डोक्याचं काय' हा प्रश्न राहिला.

याचं उत्तर मिळालं ते फार लांब, अमेरिकेत. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना जवळपास सहा महिने अर्धपोटी ठेवलं. हेतू असा की महायुद्धानंतर युरोपातल्या भुकेल्या लोकांना सावरायचं कसं ते कळावं. त्यांना रोजचा खुराक होता साधारण १६०० कॅलरी. हो, आपल्या हिशोबातला एक पौंड ज्वारीचाच आकडा! ते तरुण अंगापिंडाने आपल्या मजुरांहून मोठे होते हे मान्य, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही. पण त्यांना खडीही फोडायची नव्हती. गादीवर झोपत होते, डॉक्टर रोज तपासत होते, आणि आपण कधी सुटणार ती तारीख माहीत होती. तरीही काय झालं? ते उदास झाले, चिडचिडे झाले, मित्रांपासून तुटले, रात्रंदिवस फक्त अन्नाचा विचार करायला लागले. एकाने स्वतःची बोटं कुऱ्हाडीने तोडून घेतली. आणि पोटभर जेवण सुरू झाल्यावरही मन ताळ्यावर यायला कित्येक महिने लागले.

आता हेच भीमथडीतल्या एखाद्या घराला लावून बघा. सुटकेची तारीख माहीत नाही. पोरं डोळ्यादेखत गेलेली. जनावरं कसायाला दिलेली. १८७७ च्या अहवालांमध्ये मजूर 'आळशी', 'सुस्त' झाले आहेत अशा तक्रारी इंग्रज अधिकारी करत असत. तो आळस नव्हता मंडळी, तो आजार होता. त्याला नाव नव्हतं म्हणून त्याचा रकानाही नव्हता. आणि ज्याचा रकाना नाही ते सरकारी दृष्टीने घडलेलंच नसतं.

हा रकाना महाराष्ट्रात उघडला तो खूप उशिरा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर घरं बांधून दिली तरी माणसं सावरत नाहीत हे सगळ्यांनी बघितलं आणि वाचलेल्यांच्या मानसिक आरोग्याचा पद्धतशीर अभ्यास झाला. १९९६ पासून देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. २०१५ मध्ये राज्य सरकारने शेतकरी आत्महत्यांच्या विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. त्यात आशाताईंनी घरोघरी जाऊन माणसाला झोप लागते का, जगावंसं वाटतं का, हे विचारायचं होतं. दुष्काळातल्या माणसाला सरकारने 'कसं वाटतंय?' असं विचारायला १८७६ पासून जवळजवळ एकशे चाळीस वर्षं लागली. २०१७ मध्ये मानसिक आरोग्य सेवा कायदा झाला, २०२२ पासून १४४१६ हा टेलिमानसचा मोफत नंबर आहे. (सेव्ह करून ठेवा. हा फक्त शेतकऱ्यांसाठी नाही, रात्री दोन वाजता रिलीज करणाऱ्यांसाठी पण आहे.)

आता बारामतीत २०१९ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. एकेकाळच्या दुष्काळी तालुक्यात आता डॉक्टर तयार होतात ही गोष्ट अजिबात छोटी नाही. गरिबांवर मोफत शस्त्रक्रिया करणाऱ्या राज्याच्या आरोग्य योजनेला २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांचं नाव आहे, ते दुष्काळातल्या अन्नछत्रांमुळे नसेल, पण शोभून दिसतं.

पण गोष्ट इथे संपवली तर ती खोटी होईल. कारण दुष्काळ या भागातून पुरता गेलेला नाही, त्याने फक्त पत्ता बदलला. दरवर्षी दिवाळीच्या आसपास बीड आणि आजूबाजूच्या दुष्काळी भागातून ऊसतोड मजूर बारामती-इंदापूरच्या फडांवर येतात. ज्या कालव्याचं काम दुष्काळी मजुरांनी सुरू केलं, त्याच कालव्यावरचा ऊस दुष्काळी मजूर तोडतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. खाडा झाला की पैसे कापले जातात. पाळी असो, ताप असो, काम चालूच. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीसाठी बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त बायकांचं गर्भाशय काढलेलं आढळलं. वय काय, तर कित्येकींचं तिशी-पस्तिशी. आपल्या टीममधल्या मुलींचं वय.

या बायकांचं नाव ज्या आरोग्य केंद्राच्या यादीत असतं ते गाव बीड जिल्ह्यात, आणि वर्षाचे पाच-सहा महिने त्या राहतात पुणे जिल्ह्यात, पालात. लसीकरण इकडे, गरोदरपणाची नोंद तिकडे. आरोग्य व्यवस्था पत्त्यावर चालते आणि दुष्काळ माणसाचा पत्ताच काढून घेतो. फॅमिन कोड लिहिणाऱ्यांना निदान एवढं कळलं होतं की मजूर जिथे आहे तिथे दवाखान्याची झोपडी गेली पाहिजे, मजुराने घरी जाऊन दवाखाना शोधायचा नसतो. दीडशे वर्षांपूर्वी हे रिलीफ कॅम्पसाठी सुचलं होतं. उसाच्या फडासाठी सुचायला काय हरकत आहे? कारखान्याकडे टोळ्यांची यादी असते, कुठली टोळी कुठल्या गावात उतरली ते माहीत असतं. जिल्हा बदलला तरी आरोग्याची नोंद माणसाबरोबर यावी, हा प्रश्न तर अक्षरशः आपल्या धंद्यातला आहे. आपण लोकांचं बँक अकाउंट खिशात घालून देऊ शकतो, मग लसीकरणाचं कार्ड का नाही?

टेंपलने विचारलं होतं, माणूस कमीत कमी किती वर जगेल? कॉर्निशने विचारलं, माणसाला धड राहायला किती लागेल? सरकारं बदलली, योजनांची नावं बदलली, पण दर बजेटच्या वेळी या दोनपैकी एक प्रश्न कुठेतरी विचारला जातच असतो. कुठला विचारला जातोय, एवढं लक्ष ठेवणं आपल्या हातात आहे.

बाकी, पुढच्या वेळी भिगवणला जाल तेव्हा फ्लेमिंगो जरूर बघा. थंडीत रस्त्याच्या कडेला उसाच्या फडाजवळ पालं पण दिसतील, तिकडेही एकदा बघा.